सोळाचे आठ

१

गोविंदाला खड्ड्यातून वर काढलं तेव्हा त्याचा उजवा पाय लोखंडी सळ्यांच्या जाळीत घोट्यापर्यंत अडकलेला होता. पाय काही केल्या सुटेना. शेवटी करवतीने दोन सळ्या कापल्या आणि मग त्याला बाजेवर ठेवलं. त्याच्या दोन्ही हातांची बोटं सोलून निघाली होती. पाणी छातीपर्यंत, गळ्यापर्यंत येईतो तो माणूस त्या सळ्या ओढत राहिला असणार.

ही हकीकत ऑगस्ट १९७७ ची आहे. मी, उदयसिंग ठाकूर, तेव्हा वाशीमजवळच्या मालेगावला फौजदार होतो. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होतं. मेडशीपासून सात-आठ मैलांवर, कोलदरी नाला नदीला मिळतो तिथे, एक लहान धरण बांधणं चालू होतं. सांडव्याच्या पायथ्याशी वीस फूट खोल खड्डा खणलेला. त्यात सळ्या बांधून काँक्रीट भरायचं काम. गुरुवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी नाल्याला लोंढा आला आणि खड्डा भरला. अकरा माणसं आत होती. दहा निघाली.

"लोंढा येण्याआधी भोंगा वाजत असतो ना?" मी विचारलं.

"वाजला नाही," ओव्हरसियर उकंडराव म्हणाले. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, धुतल्या कपड्यातला माणूस. त्यांनी मागे उभ्या असलेल्या एका तरुणाकडे हात केला. "या पोराच्या यंत्रामुळे वाजला नाही. याला ताब्यात घ्या आणि मोकळे व्हा."

 तरुण चिखलाने कमरेपर्यंत भरला होता.

पंचनामा आटोपून मी शिपायाला ठाण्यावर पाठवलं. तो नदीवरच्या रपट्यावरून, त्या बुटक्या फरशीपुलावरून, सायकल खांद्यावर घेऊन गेला. अर्ध्या तासाने मी निघालो तेव्हा रपटा दिसत नव्हता. त्याच्या कडेचे पांढरे दगडही दिसत नव्हते. टेलिफोनची तार सकाळीच पडली होती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नाला, पाठीमागे मधोमध उघडी असलेली धरणाची भिंत आणि वरच्या अंगाला नुसतं रान. त्या टेकडावर मजुरांच्या झोपड्या, एक बंगली, एक सिमेंटचं गोदाम आणि यंत्राची खोली. त्यात आम्ही. गोविंदाची बाज गोदामात ठेवली होती.

मी परत फिरलो. ज्याने हे केलं तो माझ्यासारखाच इथून हलू शकत नव्हता, एवढं मात्र बरं होतं.

२

यंत्राची खोली दहा बाय दहाची. भिंतीवर घड्याळाएवढी तबकडी, शून्य ते एकतीस आकडे आणि एक काळा काटा. सोळाच्या आकड्यापाशी तांबडी रेघ. तबकडीखाली कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. बाजूला भोंग्याची कळ आणि टेबलावर नोंदीची वही.

नाल्यावर तीन मैल वर मोजणीची चौकी होती. तिथे किती फूट पाणी आहे ते हा काटा इथे दाखवी. तिथलं पाणी अर्ध्या तासाने खड्ड्यापाशी पोचे. काटा तांबड्या रेघेला लागला की इथल्या चौकीदाराने भोंगा वाजवायचा आणि खड्डा रिकामा करायचा. वीस फुटांपुढे पाणी खड्ड्यात शिरणारच, म्हणून सोळालाच इशारा.

चौकीदार ग्यानबा भिंतीला टेकून बसला होता. साठीचा असेल. दर पाव तासाला काटा पाहून वहीत आकडा लिहिणं हे त्याचं काम. गोविंदा त्याचा जावई होता.

"भोंगा काहून नाही वाजवला, ग्यानबा?"

"काटा सोळावर आलाच नाही, सायब. पंधरावर आला, अन मंग उतरला. वहीत लिवलं हाये." तो वर न पाहता बोलत होता. "झोपलो नोतो मी. अंजनाची शपथ."

अंजना त्याची मुलगी. ती गोदामाच्या दारात बसून होती.

कंत्राटदाराचा भागीदार कैलासचंद हा कारंजा लाडचा जैन व्यापारी. धोतर पोटऱ्यांपर्यंत फाटलेलं, कोपर सोलवटलेलं.

"मी स्वतः खड्ड्यात होतो, साहेब. मजुरांनी हात धरून ओढलं म्हणून वाचलो. माझी मोटारसायकल काठावर उभी होती, ती गेली. आता पाहा, या भोंग्याचा मला राग होता, खोटं नाही सांगत. जुलैत नऊ वेळा वाजला. नऊ वेळा काम बंद. पंधरा ऑगस्टला मोठे साहेब येणार, तोवर सांडवा दाखवायचा होता. पण भोंगा नको म्हणून मी स्वतः बुडायला जाईन का?"

उकंडराव बंगलीच्या ओसरीवर बसले होते. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"हा देवमन तायडे. रिठदचा. डिप्लोमा झाला, खात्यात लागला, आणि आल्याआल्या हे सुरू केलं. मी म्हणालो, काठावर माणूस बसवा, लाल झेंडा द्या. पण नाही, याला काटा फिरवायचा होता. आज काटा फसला. मी इथे जेवत होतो. आरडाओरडा ऐकला तेव्हा कळलं."

"कैलासचंदांची मोटारसायकल वाहून गेली. तुमची जीप?"

"जीप काय? ही इथेच. सकाळपासून बंगलीपाशीच आहे." मग ते जरा पुढे झुकले. "ठाकूरसाहेब, एक सांगू? ती पेटी आजच लाखेने बंद करा. नाहीतर हा आत हात घालील आणि पुरावा नाहीसा करील."

मला ते पटलं. मी पेटीला लाख लावली, शिक्का मारला आणि देवमनला अवजारांच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली. तो आत जाताना एवढंच म्हणाला, "साहेब, मले एकदा पेटी उघडू द्या. फक्त पाहू द्या."

"पाहायचं ते कोर्ट पाहील," मी म्हणालो.

ते वाक्य आठवलं की मला अजून स्वतःची लाज वाटते.

३

रात्र कशीबशी गेली. पहाटे उठलो तर नाला उतरला होता आणि पंपाने उपसलेला खड्डा रिकामा दिसत होता, पण नदीवरचा रपटा पाण्याखालीच होता. मी वही घेऊन अवजारांच्या खोलीच्या खिडकीपाशी गेलो. देवमन गजांना धरून उभा होता. रात्रभर तसाच होता की काय कोण जाणे.

"काल दुपारी तू कुठे होतास?"

"वर, चौकीवर. पाणी मोजायचा तरंगा साफ कराले गेल्तो. सव्वा वाजता मी डोळ्यानं पाहिलं, खांबावर सतरा फूट. मले वाटलं, खाली भोंगा वाजून राह्यला असंन. म्हणून मी धावलो नाही." त्याने गजावर कपाळ टेकवलं. "मी चिखलातून चालत आलो, साहेब. हळूहळू."

 मी म्हणालो, "हे तुझं यंत्र काय करते ते मला सांग. पण मी मॅट्रिक आहे, तेवढ्यात बसेल असं सांग."

त्याने सांगितलं, आणि मला ते आजही पाठ आहे.

"तीन मैल तारेतून काट्याचं माप जसंच्या तसं पाठवलं तं ते वाटेत गळते. पाऊस पडला, तार गंजली, की आकडा बदलला. म्हणून मी माप पाठवतच नाही. तारेले फक्त दोन गोष्टी येतात. हो अन नाही. करंट आहे, नाहीतं नाही. अशा पाच तारा. पहिली बोलली तं सोळा, दुसरी आठ, तिसरी चार, चौथी दोन, पाचवी एक. जेवढ्या बोलतात तेवढ्यांची बेरीज म्हणजे पाणी. तेरा फूट असंन तं आठ, चार अन एक बोलतात. बाकीच्या दोन गप."

"मग काटा कशाला? पाच दिवे लावायचे."

"आधी दिवेच लावले होते. ग्यानबाले जमेना. भर पावसात पाच दिवे पाहून बेरीज करायची, चुकला म्हणजे माणसं मरतीन. त्याले काटा समजते. म्हणून त्या पेटीत हो-नाहीचं परत किती होते. प्रत्येक तारेच्या वाटेत एकेक रोध आहे. करंटले अडवणारा बारीक तुकडा, रंगीत पट्ट्यांचा. पहिल्या तारेचा सगळ्यात लहान, म्हणून तिचा करंट सगळ्यात जास्त. दुसरीचा रोध दुप्पट, म्हणून करंट निम्मा. तिसरीचा त्याच्या दुप्पट. असे पाच. पाचही वाटांचं पाणी एका पाटात मिळावं तसे ते करंट एकत्र येतात अन काट्याले ढकलतात."

मी वही उघडली आणि गुरुवारचे आकडे वाचून दाखवले. पाऊण वाजता तेरा. एकला पंधरा. सव्वा वाजता नऊ.

"काय?" तो म्हणाला.

"नऊ. मग दीडला दहा, पावणेदोनला अकरा, दोनला तेरा."

तो गजापासून मागे सरला. खाली बसला आणि बोटाने धुळीत आकडे लिहू लागला.

"सव्वा वाजता सतरा फूट होतं. मी स्वतः पाहिलं. सतरा म्हणजे सोळाची तार अन एकची तार. सोळाची तार तुटली असती, वादळानं म्हणा, खांब पडून म्हणा, तं काट्यानं काय दाखवलं असतं?"

"एक."

"अन दाखवलं नऊ. आठ अन एक. म्हणजे तार तुटली नाही, साहेब. तार बोलून राह्यली होती. पण ती सोळा बोलायच्या जागी आठ बोलत होती."

"असं आपोआप होऊ शकते?"

"जळाला तं करंट बंद, मंग एकच दिसला असता. बरोब्बर निम्मा करंट व्हायचा तं तिथं बरोब्बर दुप्पट रोध पाहिजे. दुसऱ्या तारेचा असते तेवढा." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तो आपोआप येत नाही. कोनीतरी लावते."

४

मी वही मागे चाळली. सोमवारी नाला चढला होता तेव्हाचे आकडे होते: चौदा, पंधरा, सोळा, सतरा. भोंगा वाजल्याची नोंद. म्हणजे सोमवारी पेटी ठीक होती. मंगळवार-बुधवार पाणी बारा-तेरापलीकडे गेलंच नव्हतं. सोळाची तार बोललीच नाही, म्हणून ती खोटं बोलते हे कोणाला कळायचा प्रश्नच नव्हता. त्या दोन दिवसांत देवमन खात्याच्या कामाने अकोल्याला होता.

"पेटीच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक माह्यापाशी, एक बंगलीच्या टेबलाच्या खणात. तो खण कोनीही उघडते."

"आणि आतला तुकडा बदलायला कसब लागत असेल?"

"पेचकस लागतो. मी रोध स्क्रूनं बसवले आहेत, तपासाले सोपं पडावं म्हणून. जादा तुकड्यांची डबी तिथंच असते." त्याने धुळीतले आकडे पुसले. "अन कसं बदलायचं ते मीच दाखवलं, साहेब. मे महिन्यात यंत्र बसवलं तेव्हा पहिल्या जागी दुप्पट रोध लावून दाखवला, काटा कसा निम्म्यावर येतो ते. मले कौतुक होतं. ग्यानबा होता, कैलासचंदजी होते, ओव्हरसियर साहेब होते."

तीन माणसं. मी बंगलीत जाऊन कामाची फाइल मागितली. उकंडराव नाष्टा करत होते. त्यांनी फाइल पुढे सरकवली. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नसावं.

जुलैच्या शेवटी त्यांनी देवमनला लेखी कळवलं होतं: वारंवार काम थांबत असल्याने धोक्याची खूण सोळाऐवजी चोवीस फुटांवर न्यावी. खाली देवमनचं उत्तर, चार ओळींचं. वीस फुटांपुढे खड्ड्यात पाणी शिरते, सबब खूण हलवता येत नाही.

चोवीस. मी कागदाच्या कोपऱ्यावर बेरीज केली. पहिली तार सोळाऐवजी आठ बोलू लागली, तर काटा तांबड्या रेघेला कधी लागेल? पहिलीचे आठ आणि दुसरीचे आठ. तेव्हा खरं पाणी किती? सोळा अधिक आठ. चोवीस.

खूण जागची हलवली नव्हती. तबकडी खोटी केली होती.

पण पत्रावर एकाची सही म्हणजे हात त्याचाच, असं नव्हतं. घाई कैलासचंदलाही होती, पेचकस त्यालाही चालवता येत होता. मी दोघांना मनात समोरासमोर उभं केलं आणि गोदामाकडे गेलो.

अंजना कालच्याच जागी होती. शेजारच्या बायांनी दिलेली भाकर तशीच पडली होती. मी तिच्यापासून थोडं लांब, सिमेंटच्या पोत्यावर बसलो.

"बाई, काल पाणी येण्याआधी तू कुठे होतीस?"

"चढावर. टोपलं घेऊन ये-जा करून राह्यली होती."

"काही वेगळं दिसलं? कोणी खड्ड्याकडून वर गेलं?"

 "मानूस नाही गेलं. जीप गेली."

"कोणती जीप?"

"उकंडराव सायबाची. खाली बाभळीपाशी उभी राह्यते, खड्ड्याच्या काठाले. माह्या मागून वर आली. मले म्हनले, बाजूले हो. मी टोपलं घेऊन बाजूले झाली."

"किती वाजले होते?"

"घड्याळ कुठून पाहू? पर बाबानं नुकताच खिडकीतून आवाज देल्ता, पानी उतरलं म्हनून. बाकीचे जेवाचं सोडून कामाले लागले."

काटा पंधरावरून नऊवर आला त्यानंतर लगेच. सव्वा ते दीडच्या दरम्यान. सारे खड्ड्यात उतरत होते, कैलासचंदने मोटारसायकल तिथेच ठेवली आणि तोही उतरला. एकच माणूस होता ज्याला वाटलं, आता जीप इथे ठेवण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी ग्यानबाची हाक आली. नाला पुन्हा चढत होता.

५

मी आधी दोन कामं केली. मजुरांपैकी कोणी टेकडाखाली उतरायचं नाही असं बजावलं, आणि भोंग्याच्या कळीजवळची खुर्ची स्वतःसाठी ओढून घेतली. मग उकंडराव आणि कैलासचंदला जबाबावर सह्या करायला यंत्राच्या खोलीत बोलावलं. लाखेचा शिक्का तसाच होता.

वर जोराचा पाऊस झाला असावा. काटा चौदावर आला. पंधरावर आला. आम्ही चौघे त्याच्याकडे पाहत होतो. मग तो थरथरला आणि एकदम खाली येऊन आठवर थांबला.

"उतरलं," ग्यानबा म्हणाला. कालही त्याने हाच शब्द उच्चारला असणार. त्याने वहीत आठ लिहिले.

मी उगाच कागद चाळत राहिलो. काटा नऊवर गेला. दहा. खोलीत चार माणसांच्या घामाचा आणि ओल्या पत्र्याचा वास भरला होता. उकंडरावांनी रुमालाने मान पुसली. एकदा, आणि लगेच पुन्हा. मी त्यांना इकडचं तिकडचं विचारत वेळ काढला. काटा अकरावर आला.

मी कागद मिटले.

"चला. पाणी अकरा फुटांवर आहे, खड्डा कोरडा आहे. गोविंदा कुठे उभा होता ते मला खाली उतरून पाहायचं आहे. माप घ्यायचं, नकाशा काढायचा. तासभर लागेल. तिघंही या, साक्षीदार म्हणून."

ग्यानबा भिंतीला धरून उठला. कैलासचंद कुरकुरला. "पुन्हा त्या खड्ड्यात? देवा रे." पण त्याने बूट ओढले आणि नाडी बांधू लागला.

उकंडराव बसूनच राहिले.

"उद्या जाऊ," ते म्हणाले. "आज चिखल आहे."

"उद्या रपटा उघडला तर मला जावं लागेल. चला."

"वर पाऊस दिसतो आहे."

"काटा अकरावर आहे, उकंडराव. खड्ड्याला वीस लागतात."

"माझी तब्येत ठीक नाही. तुम्ही जाऊन या."

"तुम्ही कामाचे प्रमुख आहात. तुमच्याशिवाय कसं चालेल?"

त्यांनी दारापलीकडे पाहिलं. तिथून चढ उतरत होता, खाली सळ्या दिसत होत्या. 

"मी खाली येणार नाही," ते म्हणाले.

"एकोणीस आहे म्हणून?"

कैलासचंद नाडी सोडून वर पाहू लागला. "कसले एकोणीस? साहेब, काटा तर अकरावर..."

कोणीही हेच विचारलं असतं. उकंडरावांनी विचारलं नाही.

६

मी भोंग्याची कळ दाबली. खाली कोणी नव्हतं, तरी दाबली. मग देवमनला बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर लाख फोडली. पेटीत पाच तुकडे ओळीने बसवलेले होते. देवमनने नुसतं बोट दाखवलं. पहिल्याच्या कडेची पट्टी तपकिरी हवी होती. ती तांबडी होती, शेजारच्या दुसऱ्यासारखीच. त्याने स्क्रू सैल केले, डबीतून दुसरा तुकडा घेऊन लावला, आणि काटा बारावरून उसळून वीसवर गेला.

अर्ध्या तासाने लोंढा आला. आम्ही टेकडावरून पाहत होतो. खड्डा भरायला एखादं मिनिट लागलं असेल.

उकंडरावांनी कबुली दिली ती ओसरीवर, कालच्याच खुर्चीत बसून. आवाज तोच, कामाचा अहवाल द्यावा तसा.

"जुलैत नऊ वेळा भोंगा वाजला. नऊ वेळा मी काठावर उभा राहून पाहिलं, पाणी आलं नाही. वरून आलेला प्रत्येक कागद मला विचारत होता, सांडवा कधी. मला वाटलं, सोळा ही या पोराची भीती आहे. चोवीसला वाजला तरी चालेल. आणि अगदीच वेळ आली तर मी आहेच, मनात आठ मिळवीन आणि वाजवीन."

"काल सतरा झालं तेव्हा तुम्ही खोलीत होतात?"

"होतो. सव्वाला नऊ पाहिलं. म्हणजे सतरा. जीप काढून घेतली. परत आलो तेव्हा अकरा, म्हणजे एकोणीस. वीसला वाजवू म्हटलं."

"मग?"

त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. "काटा बारावर. ग्यानबा टेबलापाशी. तबकडीवर बारा असताना मी कळ दाबली असती तर तो म्हणाला असता, सायब, बाराले कायले? काय सांगणार होतो मी? मी म्हटलं, थांबेल. इथेच थांबेल. कितीदा तरी थांबलेलं पाहिलं होतं. हात कळीवर होता, ठाकूरसाहेब. खरंच होता. मग तेरा झाले, आणि मी बंगलीत जेवायला गेलो."

"माणसं खाली आहेत हे माहीत असून?"

"मी खिडकीतून पाहिलं नाही," ते म्हणाले.

देवमन पायरीवर बसला होता. आपण सुटलो याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. "मी त्या पेटीले दोन किल्ल्या ठेवाले नको होत्या," एवढं तो पुटपुटला, आणि उठून काट्याची नोंद करायला गेला. ग्यानबाच्याने त्या दिवशी लिहवत नव्हतं.

शनिवारी सकाळी रपट्याचे दगड दिसू लागले. पलीकडे माझा शिपाई आणि ठाण्याची गाडी उभी होती. निघण्याआधी ग्यानबाचा जबाब तेवढा राहिला होता. गोदामाच्या दारात पोत्यावर कागद ठेवून मी लिहिला आणि वाचून दाखवला. काटा पंधरावरून नऊवर आला, पाणी ओसरलं असं मला वाटलं, मला कोणतीही शंका आली नाही, म्हणून मी भोंगा वाजवला नाही.

"सही कर."

त्याने टाक घेतला नाही.

"शंका आलती, सायब."

"कसली?" मी विचारलं.

"चाळीस वर्सं या नाल्याच्या काठाले राह्यलो. पानी असं पाव घंट्यात सहा फूट उतरत नसते. मले तवाच वाटलं, हे काई खरं नाही. कळीपाशी गेल्तो मी. मंग वाटलं, एवढं शिकलेल्या मानसानं बनवलं, त्याले आपल्यापेक्षा जास्त समजत असंन." त्याने गोदामातल्या बाजेकडे पाहिलं. "अन खिडकीतून मीच आवाज देल्ला. उतरलं म्हनून. माह्या आवाजानं गेला तो खाली."

हे कागदावर आलं तर उकंडरावांचा वकील काय करील ते मला दिसत होतं. तो अर्धा दोष या म्हाताऱ्याच्या गळ्यात टाकील. मी आहे तेच राहू दे म्हणालो. यंत्र खोटं बोललं, तू ऐकलंस, यात तुझा गुन्हा नाही, असं त्याला समजावलं. तो ऐकत होता आणि मान हलवत होता, पण टाक घेत नव्हता.

अंजना आमच्यामागे उभी होती हे मला कळलं नव्हतं. बाज उचलायला माणसं आली होती, त्यांना तिने हातानेच थांबवलं. ती बापाशेजारी येऊन बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लिवा, सायब," ती म्हणाली. "तो जसा सांगते, तसंच लिवा. नाहीतं तो यातून कवाच बाहेर नाही निंघनार."

मी नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला लागलो.